हॅरी स्टॅक सलिव्हन : माणसामाणसांतील मनाचा अभ्यासक

मनोविश्लेषणाचा विषय निघाला की मराठी वाचकाला फ्रॉइड, युंग आणि ॲडलर ही युरोपीय नावे प्रथम आठवतात. अमेरिकेच्या मातीत वाढलेल्या हॅरी स्टॅक सलिव्हन यांचे नाव आपल्याकडे त्या मानाने कमी उच्चारले जाते. वस्तुतः रुग्णासमोर बसलेला मनोविकारतज्ज्ञ त्याच्या घरादाराविषयी, मित्रांविषयी आणि वरिष्ठांविषयी जे प्रश्न आज विचारतो, त्यांतील बऱ्याच प्रश्नांमागे सलिव्हन यांचा विचार उभा असतो. माणसाचे व्यक्तिमत्त्व इतरांशी येणाऱ्या संबंधांत घडते, तेथेच ते बिघडते आणि ते ओळखायचे तर तेथेच ओळखता येते, असा हा विचार आहे. तो मांडणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला मात्र बालपणापासून एकटेपण आले होते.

सलिव्हन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील नॉर्विच या गावी झाला. आईवडील आयरिश वंशाचे आणि कॅथलिक पंथाचे होते. त्याआधीची दोन अपत्ये तान्हेपणीच दगावल्यामुळे हॅरी हे एकुलते एक मूल ठरले. तो लहान असतानाच कुटुंब स्मिर्ना गावाजवळच्या आजोळच्या शेतावर राहावयास गेले. वडील अबोल होते. आई आपल्या माहेरच्या गतवैभवाच्या आठवणींत रमणारी आणि मनाने खचलेली होती. काही काळ मुलाचा सांभाळ आजीनेच केला. आसपासची वस्ती जुन्या प्रॉटेस्टंट घराण्यांची असल्यामुळे आयरिश कॅथलिक मुलाला शाळेत सवंगडी मिळणे कठीण होते. शेजारच्या शेतावरील क्लॅरेन्स बेलिंजर या वयाने मोठ्या मुलाशी झालेली मैत्री हाच काय तो अपवाद. हे दोघेही पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले.

शाळेत हॅरी पहिला आला आणि १९०८ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून कॉर्नेल विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकण्यासाठी दाखल झाला. परंतु शेतावरून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला तेथील जीवन पेलले नाही. अभ्यास ढासळला, तो काही भानगडीत सापडला आणि १९०९ मध्ये विद्यापीठाने त्याला निलंबित केले. त्यानंतरच्या सुमारे दोन वर्षांचा दुवा त्याच्या चरित्रकारांनाही जुळवता आलेला नाही. या काळात त्याचे मन गंभीररीत्या आजारी झाले असावे, असा अनेकांचा कयास आहे. १९११ मध्ये तो शिकागोच्या एका सामान्य वैद्यकीय महाविद्यालयात आढळतो. तेथून १९१७ मध्ये त्याने पदवी घेतली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी वैद्यकीय सेवा केली.

सलिव्हन यांच्या आयुष्याला दिशा मिळाली ती वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात. तेथील प्रमुख विल्यम ॲलन्सन व्हाइट हे उदार दृष्टीचे मनोविकारतज्ज्ञ होते. वेड्यांची इस्पितळे ही माणसांना कोंडून ठेवण्याची जागा समजली जाण्याच्या त्या काळात रुग्णाच्या बोलण्याला अर्थ असतो, ही व्हाइट यांची धारणा सलिव्हन यांच्या मनात खोल रुजली. १९२२ च्या अखेरीस ते बॉल्टिमोरजवळच्या शेपर्ड अँड इनॉक प्रॅट रुग्णालयात रुजू झाले आणि १९३० पर्यंत तेथे राहिले. छिन्नमनस्कतेने, म्हणजेच स्किझोफ्रेनियाने ग्रस्त तरुण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या रुग्णांशी संवाद होऊच शकत नाही, हे तेव्हाचे प्रस्थापित मत. फ्रॉइड यांनीही अशा रुग्णांवर मनोविश्लेषणाचा उपयोग होईल, असे मानले नव्हते.

१९२९ मध्ये सलिव्हन यांनी येथे सहा खाटांचा एक स्वतंत्र वॉर्ड सुरू केला. तो वैद्यकाच्या इतिहासात लक्षात ठेवावा असाच प्रयोग होता. परिचारिकांचा कडक दरारा या वॉर्डात ठेवला नाही. त्याऐवजी सलिव्हन यांनी पुरुष परिचारक स्वतः निवडले, त्यांना शिकवले आणि रुग्णांशी बरोबरीच्या नात्याने वागण्याची मोकळीक दिली. यांतील काही परिचारक स्वभावाने बुजरे आणि हळवे होते. असा माणूस घाबरलेल्या रुग्णाला अधिक लवकर ओळखतो, असे सलिव्हन यांचे निरीक्षण होते. डॉक्टरशी होणाऱ्या तासाभराच्या भेटीपेक्षा वॉर्डातील चोवीस तासांचा सहवास त्यांना महत्त्वाचा वाटे. अनेक रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा झाल्याचे त्यांनी नोंदवले. हे रुग्ण वयाने तरुण आणि अलीकडेच आजारी पडलेले होते, त्यामुळे या यशाचे मोजमाप सावधपणे करावे लागते, हेही खरे. तथापि ज्यांना समाजाने बोलण्यापलीकडचे ठरवले होते त्यांच्याशी बोलता येते, ही गोष्ट या सहा खाटांनी दाखवून दिली.

याच सुमारास शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांशी सलिव्हन यांचा परिचय वाढला. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांच्या पत्नीचे दीर्घ आजारानंतर १९२४ मध्ये निधन झाले होते. त्या दुःखाचे ओझे मनावर असताना १९२६ मध्ये सपीर सलिव्हन यांना भेटले आणि दोघांत जन्मभराचा स्नेह जुळला. भाषा आणि संस्कृती यांच्या अभ्यासकाच्या सहवासात सलिव्हन यांची दृष्टी रुग्णालयाच्या भिंतींबाहेर विस्तारली. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील आणि वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय तरुणांच्या अभ्यासातही त्यांनी भाग घेतला आणि वर्णद्वेष माणसाच्या मनाला कसा आकार देतो, याचा शोध घेतला.

१९३० नंतर न्यूयॉर्कमध्ये त्यांनी खासगी व्यवसाय मांडला. पैशाच्या बाबतीत ते कमालीचे अव्यवहारी असल्यामुळे कर्जाने त्यांची पाठ सोडली नाही. परंतु या काळात क्लारा थॉम्पसन, कॅरन हॉर्नाय, एरिक फ्रॉम आणि फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांसारख्या समविचारी मंडळींचा गोतावळा त्यांच्याभोवती जमला. १९३६ मध्ये वॉशिंग्टन येथे मानसोपचाराचे विद्यालय सुरू झाले आणि १९३८ मध्ये सायकायट्री हे नियतकालिक निघाले. दोन्हींमागे सलिव्हन यांची प्रेरणा होती. सहकाऱ्यांशी बोलताना त्यांची जीभ तिखट असे; कित्येक विद्यार्थी त्यांच्या उपरोधाने घायाळ झाले. रुग्णासमोर मात्र हाच माणसू मृदू आणि संयमी होई.

त्यांच्या सिद्धान्ताचा गाभा सोप्या शब्दांत असा सांगता येईल. तान्ह्या मुलाला भूक लागते तशीच त्याला सुरक्षिततेचीही गरज असते. आईची अस्वस्थता शब्दांवाचून मुलाकडे संक्रमित होते. ही चिंता टाळण्यासाठी मूल स्वतःविषयीचे एक चित्र रचू लागते. ज्या वागण्याने आई सुखावते ते चांगले, ज्याने ती त्रासते ते वाईट आणि ज्याची आठवणही असह्य होते ते आपले नव्हेच, अशी ती विभागणी असते. मोठेपणी माणूस याच चित्राचे रक्षण करीत राहतो आणि गैरसोयीच्या गोष्टींकडे नकळत डोळेझाक करतो. परंतु बालपण म्हणजे अटळ विधिलिखित, असे सलिव्हन यांनी मानले नाही. साधारण नऊ-दहा वर्षांच्या वयात लाभलेला एक जिवलग मित्र आधीच्या अनेक जखमा भरून काढू शकतो, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. स्मिर्नाच्या शेतावरील एकुलत्या एका मैत्रीचे स्मरण या प्रतिपादनात असावे, असे वाचणाऱ्याला वाटल्याशिवाय राहत नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या परीक्षेविषयी त्यांचे म्हणणे याहून क्रांतिकारक होते. परीक्षक काचेपलीकडून पाहणारा तिऱ्हाईत असू शकत नाही. त्याची चाहूल, त्याचा सूर, त्याची घाई यांवर समोरच्याचे उत्तर अवलंबून असते. म्हणून मुलाखत घेणारा हा सहभागी निरीक्षक होय आणि स्वतःच्या वागण्याची नोंद घेणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. मुलाखतीचे चार टप्पे त्यांनी सांगितले : औपचारिक प्रारंभ, जीवनाची स्थूल पाहणी, सविस्तर चौकशी आणि समारोप. या भेटीतून रुग्णाच्या पदरात काहीतरी उपयुक्त पडलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता.

या तत्त्वाची कठोर कसोटी दुसऱ्या महायुद्धाने घेतली. १९४० मध्ये अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा मनाने दुर्बळ तरुण आधीच ओळखण्याच्या योजनेत सलिव्हन सल्लागार झाले. पहिल्या महायुद्धातील मनोरुग्णांचे हाल टळावेत, हा हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात मात्र रांगेत उभ्या असलेल्या तरुणाची परीक्षा काही मिनिटांत उरकली जाऊ लागली. माणूस समजून घेण्यासाठी निर्माण झालेल्या साधनाची चाळणी झाली. समलिंगी तरुणांना वगळण्याचे कलम सलिव्हन यांच्या मूळ योजनेत नव्हते; पुढे लष्कराने ते घातले. वरिष्ठांशी मतभेद होऊन १९४१ च्या अखेरीस ते या कामातून दूर झाले. युद्ध संपेपर्यंत मानसिक कारणांवरून सुमारे १८ लाख तरुण नाकारले गेले आणि तरीही आघाडीवरील मनोरुग्णांची संख्या आटोक्यात आली नाही.

या प्रकरणाला एक खासगी बाजूही होती. १९२७ पासून जेम्स इन्स्को हा तरुण सलिव्हन यांच्या घरी राहत होता. जगाला ते त्याची ओळख मानसपुत्र म्हणून करून देत. हे नाते सहजीवनाचे होते, असे आजचे अभ्यासक मानतात. तो काळ अशा नात्याला उघड मान्यता देणारा नव्हता. इतरांना मोकळे बोलण्याचे बळ देणाऱ्या या माणसाला स्वतःचे घर जन्मभर पडद्याआड ठेवावे लागले.

युद्धानंतर सलिव्हन यांचे लक्ष राष्ट्राराष्ट्रांतील वैमनस्याकडे वळले. हृदयविकार बळावला असतानाही १९४८ मध्ये युनेस्कोच्या उपक्रमात आणि जागतिक मानसिक आरोग्य महासंघाच्या स्थापनेच्या कार्यात त्यांनी उत्साहाने भाग घेतला. महासंघाच्या ॲम्स्टरडॅम येथील बैठकीहून परतताना १४ जानेवारी १९४९ रोजी पॅरिसमधील एका हॉटेलात मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती लाभली.

त्यांच्या हयातीत त्यांचे एकच पुस्तक प्रसिद्ध झाले. आज ग्रंथालयांच्या कपाटांत आढळणारे त्यांचे बहुतेक ग्रंथ मृत्यूनंतर शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी व्याख्यानांच्या टिपणांवरून व ध्वनिमुद्रणांवरून सिद्ध केले. आंतरव्यक्तिक सिद्धान्तावरील ग्रंथ १९५३ मध्ये आणि मुलाखतीवरील ग्रंथ १९५४ मध्ये निघाला. त्यांचे विचार मोजमापाच्या भाषेत आणण्याचे काम कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञांनी केले. टिमोथी लिअरी यांच्या १९५७ च्या ग्रंथात माणसाची वागणूक एका वर्तुळावर मांडलेली आहे. वर्तुळाचा उभा अक्ष वर्चस्वापासून शरणागतीपर्यंत जातो, तर आडवा द्वेषापासून स्नेहापर्यंत. अधिकाराने बोलणारा समोरच्याला नमते घ्यावयास लावतो आणि स्नेहाने बोलणारा स्नेह जागवतो, हे घरोघरचे सत्य या वर्तुळामुळे अभ्यासाच्या कक्षेत आले.

पुढे जेराल्ड क्लरमन आणि मर्ना वाइसमन यांनी नैराश्यावरील अल्पकालीन आंतरव्यक्तिक उपचार विकसित केला, त्याच्या मुळाशीही सलिव्हन यांचा विचार होता. गोव्यात हा उपचार देण्याचे काम प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी केले. ही माणसे डॉक्टर नव्हती. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे दिसून आले. खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. सहा खाटांच्या वॉर्डात सलिव्हन यांनी ज्या सामान्य परिचारकांवर विश्वास टाकला होता, त्यांचीच आठवण या समुपदेशकांमुळे व्हावी. शेपर्डच्या वॉर्डात एकदा जुळलेला हा धागा ऐंशी वर्षांनंतर आपल्या किनाऱ्यावरील आरोग्य केंद्रांपर्यंत असा येऊन पोहोचला.