पगाराची नोकरी सोडून डॉक्टरेटला निघालेले बाबासाहेब

बँकेत, कंपनीत बऱ्या पगारावर असलेली आपली मुलं हल्ली आम्हाला विचारतात, एमबीए झालं, आता डॉक्टरेट करावी का? पगार वाढेल का? अशा वेळी आम्हाला १९१८ सालचे बाबासाहेब आठवतात.

त्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वय २७, पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठीच. तरी संसार परळच्या चाळीतच. कोलंबियाचं शिक्षण झालं होतं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास १९१७ मध्ये अर्धवट सोडावा लागला होता.

पदवी अपमानापासून वाचवत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बडोद्याच्या कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. सिडनहॅममध्येही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. तरीही १९२० मध्ये नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला निघाले. जवळ होते साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. मागे घर रमाईंनी ओढलं. त्या पदवीतला त्यांचा वाटा आपण जयंतीच्या भाषणांत फारसा सांगत नाही, सांगायला हवा.

प्रबंधाचा विषय होता रुपया. सरकारला हवे तितके रुपये पाडता येतात, मग महागाई वाढते आणि झळ हातावर पोट असणाऱ्याला बसते, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. १९२२ मध्ये दिलेला प्रबंध परीक्षकांना फार तिखट वाटला. पुन्हा लिहायला सांगितलं. पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि इथूनच सुधारून पाठवला. भाषा सौम्य केली, निष्कर्ष तेच ठेवले. वर्षअखेरीस डी.एस्सी. मिळाली.

आणि पगार? वकिली सुरू केली, पण अस्पृश्य वकिलाकडे खटले सहजी येत नव्हते. काही वर्षं बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी घरखर्चाला हातभार लावला. नोकरीच्या हिशेबात पाहिलं तर हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल. पण ती पदवी त्यांना बढतीसाठी नको होती, असं आम्हाला वाटतं. देशाच्या पैशाबद्दल बोलताना कुणाला आपलं म्हणणं झटकता येऊ नये, एवढ्यासाठी हवी होती. १९२५ मध्ये भारतीय चलनाची चौकशी करायला हिल्टन यंग यांचा शाही आयोग आला, तेव्हा त्याच्यासमोर बाबासाहेब अर्थतज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायला बसले.