मुंबईच्या विजेची किंमत विचारणारे सेनापती बापट

सीमाभागात सेनापती बापट म्हटलं की जुन्या कार्यकर्त्यांना आठवतं ते १९६६ चं उपोषण. बेळगाव, कारवार, निपाणीचा प्रश्न सोडवा म्हणून पंच्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा मुंबईत अन्न सोडून बसला. दिल्लीला हलावं लागलं आणि महाजन आयोग नेमला गेला. आयोगाने पुढे आपल्या पदरात काय टाकलं ते इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

पण बापटांना सेनापती ही पदवी सीमालढ्यात मिळालेली नाही. ती त्याच्या चाळीसेक वर्षं आधीची, मुळशीची. आणि तिथे समोर ब्रिटिश सरकार तर होतंच, पण मुख्य पक्षकार होती एक वीज कंपनी. ती सुद्धा स्वदेशी, टाटांची.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले आणि १९०४ मध्ये मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले. शिकायला काय, तर यंत्रांचं इंजिनिअरिंग. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुळशीच्या लढ्याला त्या काळी बऱ्याच शहाण्या लोकांनी अडाण्यांचा विरोध ठरवलं होतं. त्या लढ्याचा पुढारी पाण्याच्या दाबावर चाक कसं फिरतं हे शिकायला विलायतेला गेलेला माणूस होता.

शिक्षण मात्र धड झालं नाही. हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्यावर तिथेच जाहीर भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाऊस, सावरकरांची संगत, आणि तिथून पॅरिस. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती मिळवायची कामगिरी होती. ती घेऊन १९०८ मध्ये परतले. अलीपूर खटल्यात माफीच्या साक्षीदाराने नाव घेतलं तसे भूमिगत झाले. पोलिसांनी पकडलं ते चार वर्षांनी, १९१२ मध्ये, इंदूरला. १९१५ ला सुटले आणि पारनेरला येऊन हातात झाडू घेतला. गावचे रस्ते स्वतः झाडायचे. लोकांना ते विचित्र वाटायचं. पुढे पुण्यात पत्रकारिता केली, केतकरांच्या ज्ञानकोशात काम केलं. १९२० मध्ये मुंबईच्या झाडूवाल्यांच्या संपात त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आता कंपनीकडे येऊ, कारण तिचा हिशोब समजल्याशिवाय मुळशी समजत नाही.

मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा बंगालकडून यायचा, वाहतुकीचा खर्च डोक्यावर आणि धूर शहराच्या डोक्यावर. जमशेटजी टाटांच्या मनात आलं की लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात एवढं पाणी कोसळतं, ते साठवून कोकणात सोडलं तर? घाटमाथा आणि खालचं खोपोली यांत सुमारे पाचशे मीटरचा फरक. एवढ्या उंचीवरून पाइपातून आलेलं थोडं पाणीही मोठं चाक फिरवतं. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. मुलगा दोराबजी यांनी १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी काढली. भांडवल देशातच उभं केलं, संस्थानिकांनीही पैसे घातले. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली आणि गिरण्यांचे बॉयलर एकेक करून थंड व्हायला लागले.

धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर हे सोन्यासारखं काम होतं. कोळसा दरवर्षी विकत घ्यावा लागतो, पाऊस फुकट. एकदा धरण, पाइप आणि यंत्रं यांचा खर्च केला की पुढे चालू खर्च किरकोळ. गिऱ्हाईक मोठं आणि एकाच शहरात. मागणी इतकी वाढली की एक कंपनी पुरेना. दुसरी आंद्रा नदीवर काढली (नावावरून गैरसमज नको, ही मावळातली नदी), तिचं भिवपुरीचं केंद्र १९२२ ला चालू झालं. आणि तिसरी, १९१९ ची टाटा पॉवर कंपनी. तिचं धरण नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर, मुळशीला.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांसाठी. या सगळ्या नद्या पूर्वेला वाहतात. त्यांचं पाणी भीमेतून कृष्णेत जाणारं. कंपनीने ते अडवून पश्चिमेला कोकणात उतरवलं. पुढे कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादापुढेही या पाण्याचा हिशोब निघाला.

पाऊस फुकट होता, जमीन नव्हती. मुळशी पेट्यातली पन्नासहून जास्त गावं पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोर पिकवणारी खाचरं, घरं, देवळं, सगळंच. मावळ्यांना याची नीट कल्पनाही दिली गेली नव्हती. शेतात चाचणीचे खड्डे खणायला माणसं आली तेव्हा त्यांना कळलं. जमीन घ्यायला हत्यार होतं १८९४ चा भूसंपादन कायदा. सरकारने तो खासगी कंपनीसाठी वापरला. हिडकलच्या पाण्यात कुणाचं गाव गेलेलं बघितलेल्या वाचकाला यापुढचं फार समजावून सांगायला नको.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबवलं. मजुरांनीही हत्यारं खाली ठेवली. कंपनीने काही महिने काम बंद ठेवलं. मग पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू केलं, पुन्हा लोक जाऊन बसले, आणि यावेळी अटका झाल्या. बायका पोरांसकट बसायच्या. विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे, शंकरराव देव अशी मंडळी यात होती. बापट यात उतरले ते सगळं सोडून उतरले. तुरुंगात जायचं, सुटायचं, पुन्हा मुळशीला जायचं. सेनापती हे नाव लोकांनी तिथेच दिलं.

लढा मोडला तो नुसत्या पोलिसांमुळे नाही. जमिनी कसणारे मावळे होते, पण बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा बोजा होता. कागदावर ज्याचं नाव, नुकसानभरपाई त्याला. सावकाराला नापीक वसुलीपेक्षा रोख रक्कम केव्हाही बरी. तेव्हा जमीन देणार नाही असं म्हणणारा एक गट आणि चांगला भाव मिळवून द्या म्हणणारा दुसरा, अशी फूट पडली. मी कॉमर्सवाला, भरपाईच्या बाजूने बोलणाऱ्यांना सरसकट फितूर म्हणणार नाही. पण कंपनीच्या ताळेबंदात जमिनीची किंमत म्हणून जी रक्कम चढली, तिच्यात कूळ म्हणून राबणाऱ्याचा वाटा शोधायला गेलं तर फार थोडा सापडतो.

दुसरी अडचण स्वदेशीची. टाटांचा कारखाना म्हणजे देशाचा कारखाना, त्याला विरोध म्हणजे इंग्रजाचा फायदा, असं मानणारे राष्ट्रीय वृत्तीचे लोक पुण्या-मुंबईत पुष्कळ होते. गांधीजींनी आधी टाटांना विचार करा म्हणून सांगून पाहिलं, नंतर मात्र लढा आवरता घ्यायचा सल्ला दिला. बहुतेकांनी मोबदला घेतला होता, आणि बापटांचा अहिंसेवर त्यांच्यासारखा विश्वास नव्हता, ही त्यांची कारणं.

ते खरंच होतं. लढा संपल्यात जमा झाला तरी बापट थांबले नाहीत. डिसेंबर १९२४ मध्ये मूठभर साथीदारांना घेऊन त्यांनी रुळावर दगड रचले आणि धरणाच्या कामाची आगगाडी अडवली. सोबत तलवार आणि पिस्तुलं होती. पळून न जाता पकडले गेले आणि सात वर्षांची शिक्षा झाली. माझ्या मते यातून मावळ्यांच्या हाती काही लागलं नाही, लागणारही नव्हतं. पण सगळे पांगल्यावर, काही मिळणार नाही हे समजून उमजून मागे राहणारा माणूस म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिले.

ते तुरुंगात असतानाच १९२७ मध्ये मुळशीचं पाणी बोगद्यातून भिऱ्याला उतरलं आणि तिसरं केंद्र चालू झालं. मुंबई वाढतच होती, १९२५ मध्ये तिथे विजेची लोकलही धावली होती. घरोघरी दिवे आले. बापट १९३१ ला सुटले तेव्हा मुळशीची खाचरं पाण्याखाली होती.

पुढचं आयुष्य म्हणजे एक तुरुंग ते दुसरा तुरुंग. हैदराबादला निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवायचा मान त्यांना मिळाला. मे १९५५ मध्ये, वयाच्या पंच्याहत्तरीच्या घरात, ना. ग. गोरे यांच्याबरोबर सत्याग्रही घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत होते, आणि मग आपलं १९६६. महाजन अहवाल आला ऑगस्ट १९६७ मध्ये. बेळगाव कर्नाटकातच राहावं ही त्यातली शिफारस. २८ नोव्हेंबर १९६७ ला बापट गेले.

मुंबईत दादर-परळच्या बाजूने रेल्वेला लागून जो रस्ता जातो, जुन्या माणसांचा तुळशी पाइप रोड, त्याला आता सेनापती बापट मार्ग म्हणतात. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली, त्यांतल्या अनेक याच रस्त्याच्या कडेला होत्या. गिरण्या बंद पडून तिथे आता काचेचे टॉवर उभे आहेत. भिऱ्याची वीज अजून मुंबईला जाते.