दिवा धरणाऱ्या बाईचे मन

भगिनींनो, फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपल्यापैकी बहुतेकींना शाळेपासून ठाऊक आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण रात्री हातात दिवा घेऊन आजारी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी ती बाई माझ्या मनात तेव्हापासून घर करून आहे. त्या दिव्याचे कौतुक पुष्कळ झाले. तो धरणाऱ्या बाईचे पुढे काय झाले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हे चार शब्द.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. गावाचेच नाव मुलीला ठेवले. रोग्यांची शुश्रूषा हे त्या काळी कुलीन मुलीचे काम मानीत नसत. घरच्यांचा विरोध सोसून ती ते शिकली. क्रिमियाचे युद्ध चालू असताना १८५४ साली इंग्रज सरकारने तिला ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथे लष्करी इस्पितळात पाठवले.

तेथे जखमांपेक्षा हगवण, पटकी आणि तापाने माणसे अधिक मरत होती. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. तिने स्वच्छता, जेवण, कपडे सगळे हाती घेतले, तरी पहिल्या हिवाळ्यात मरण थांबेना. शेवटच्या घटका मोजणाऱ्या शिपायाजवळ ती बसे आणि तो गेल्यावर त्याच्या घरी पत्र लिही. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य समितीने गटारे साफ करविली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याच वर्षी ती स्वतःही तापाने मरता मरता वाचली.

१८५६ साली ती सत्कार टाळून, नाव बदलून गुपचूप घरी परतली. मेलेले शिपाई मात्र तिच्याबरोबर आले. तिच्या खाजगी टिपणांत त्यांची आठवण पुन्हा पुन्हा येते. आकडे मांडताना तिला दिसले की, त्यातले कितीतरी जीव नुसत्या स्वच्छतेने वाचले असते. १८५७ साली तिची प्रकृती ढासळली आणि पुढची बरीच वर्षे तिने अंथरुणावर किंवा खोलीत काढली. त्या तापाचे अवशेष शरीरात होतेच, असे आजचे काही डॉक्टर मानतात. पण मनावरचे ओझेही काही लहान नव्हते, असे मला वाटते.

खाटेवरूनच तिने १८६० साली लंडनमध्ये परिचारिकांची शाळा उभी केली. हिंदुस्थानात कधी पाऊल न टाकता येथील आरोग्यासाठीही ती वर्षानुवर्षे लिहीत राहिली. मला विशेष वाटते ते हे की, शाळेतल्या मुलींना ती पत्रे लिही, चहाला बोलावी, त्यांच्या प्रकृतीची चौकशी करी. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती वारली. तिच्या इच्छेप्रमाणे थडग्यावर पुरते नावसुद्धा घातले नाही, नुसती आद्याक्षरे आहेत.

नर्सला मरणाची सवय होते, असे आपण सहज बोलून जातो. आमच्या शेजारची एक मुलगी इस्पितळात अपघात विभागात काम करते. एखाद्या दिवशी ती ताटावरून तशीच उठते, कोणाशी बोलत नाही. आपल्या आळीत अशा मुली आहेत, रुग्णवाहिकेवर जाणारे मुलगेही आहेत. रात्रपाळी करून ते परतले की आधी गरम चहा पुढे करावा. ती गप्प असली तर खोदून विचारू नये. बोलू लागली, तर हातातले काम बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकावे. एवढे तर आपल्याला कोणत्याही शिक्षणाशिवाय करता येईल.