कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : हुकलेली बढती आणि घडलेले आयुष्य

साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे सांगली-मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक लागते. या स्थानकाचे मूळचे नाव कुंडल रोड. आज तेथे उतरणाऱ्यास कारखाना, वसाहत, शाळा व गर्द झाडी दिसते. परंतु १९१० साली तेथे निवडुंगाच्या बेटांनी भरलेला, विंचूसापांचा वावर असलेला ओसाड माळ होता. त्या माळावर ज्यांनी यंत्रे मांडली, ते कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी व पुढे शाळामास्तर होते, आणि शाळेत हक्काची वाटणारी बढती न मिळाल्यामुळे त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला होता, ही गोष्ट नव्या पिढीतील अनेकांस ठाऊक नसते.

थोर पुरुष हे कोणा एका ज्ञातीची मालमत्ता नव्हेत. तथापि आपल्या मंडळाची बहुसंख्य सभासद कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नोकरीपेशातील असल्याने, लक्ष्मणरावांच्या चरित्रातील त्या एका प्रसंगाचे चिंतन या स्मरणिकेत व्हावे हे उचितच होय. दरवर्षी आपल्यापैकी कोणा ना कोणा घरी हाच पेच उभा राहतो. मनात दुसरीकडे जाण्याचा, स्वतःचा धंदा काढण्याचा किंवा गावी परतण्याचा विचार पक्का होत आलेला असतो. आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या जागेचा हुकूम हाती पडतो. तो स्वीकारावा की नम्रपणे परत करावा? वडीलधारी माणसे म्हणतात, आलेली लक्ष्मी परतवू नये. तरुण मनास वाटते, ही पायरी चढलो तर पुन्हा उतरणे व्हावयाचे नाही. लक्ष्मणरावांच्या आयुष्यात हा प्रश्न किंचित निराळ्या स्वरूपात उभा राहिला.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचा व्यासंग असलेले गृहस्थ. धाकट्या लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पाठांतरात रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रांच्या रचनेचा माग काढणे या दोनच गोष्टींत त्याला रस होता. अशा मुलाचे पुढे व्हावे कसे, ही चिंता त्या काळच्या कोणत्याही घरास पडावी तशी त्या घरासही पडली. थोरले बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सर्वजण रामुअण्णा म्हणत, त्यांनी धाकट्याचा कल ओळखून खर्चाचा भार उचलला, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोन वर्षे गेली, आणि एक अनपेक्षित आघात झाला. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस उमगत नाही, असे आढळून आले. रंगच ओळखू न येणाऱ्याने चित्रकार व्हावे कसे? दुसरा एखादा हताश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यांत्रिक आरेखन शिकले, आणि त्या विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा पंचेचाळीस रुपयांवर साहाय्यक शिक्षक झाले.

पंचेचाळीस रुपये ही त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबास समाधान देणारी प्राप्ती होती. लक्ष्मणरावांनी मात्र या नोकरीतून पगाराहून अधिक काही मिळविले. संस्थेच्या कर्मशाळेत नाना प्रकारची यंत्रे होती. शिकविण्याचे तास संपले की ते त्या यंत्रांपाशी जात, ती चालवीत, त्यांचे भाग समजून घेत. विद्यार्थ्यांस आरेखन शिकविणारे मास्तर स्वतः यंत्रांचे विद्यार्थी बनले. नोकरी म्हणजे केवळ उदरनिर्वाहाचे साधन न मानता पुढील कार्याची शिदोरी तेथेच बांधून घ्यावयाची, हा त्यांचा विशेष पुढच्या प्रसंगाचा अर्थ लावताना ध्यानात ठेवला पाहिजे.

याच काळात मुंबईच्या रस्त्यांवर सायकल हे नवे वाहन दिसू लागले होते. लक्ष्मणरावांच्या चौकस नजरेतून ते सुटले नाही. मुंबईत सायकली खरेदी करून त्या बेळगावी रामुअण्णांकडे पाठवावयाच्या, आणि रामुअण्णांनी तेथे त्या विकावयाच्या व गिऱ्हाइकांस चालविण्यासही शिकवावयाचे, असा बंधूंचा जोडधंदा सुरू झाला. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मानतात तो या दुकानामुळे. म्हणजे लक्ष्मणराव मुंबईत मास्तर असतानाच बेळगावी त्यांच्या दुसऱ्या आयुष्याचा पाया घातला जात होता. धंदा लहान होता, मिळकत अनिश्चित होती. पण दार उघडे होते.

अशा स्थितीत १८९७ साल उजाडले. संस्थेत वरची जागा भरावयाची होती. सेवेचा काळ, कामातील निष्ठा आणि अंगची कुशलता पाहता ती आपल्यास मिळेल, अशी लक्ष्मणरावांची रास्त अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. परकीय अमलात असे प्रकार नित्याचेच होते. कोणी कुरकुर करी, कोणी अर्जविनंत्या करी, आणि बहुतेक सारे खालमानेने दुसऱ्या दिवशी कामावर हजर होत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व बेळगावची वाट धरली.

हा प्रसंग सांगताना मानी पुरुषाने अपमान सहन केला नाही, एवढाच बोध काढण्याची प्रथा आहे. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. मान तर पुष्कळांस असतो. तो राखावयास ज्यांना जागा असते असे थोडे. लक्ष्मणरावांपाशी बेळगावचे दुकान होते, पितृतुल्य बंधू होता, आणि यंत्रविद्या हातात मुरलेली होती. निघण्याची तयारी आधीच झालेली होती. बढतीच्या प्रकरणाने केवळ निघण्याचा दिवस ठरविला. नुसत्या रागाच्या भरात राजीनामा देणारा आणि लक्ष्मणराव यांच्यातील अंतर ते हेच.

आता वाचकांनी क्षणभर उलट कल्पना करावी. ती जागा त्यांनाच मिळाली असती तर? पगार वाढला असता, प्रतिष्ठा वाढली असती, मुंबईतले बिऱ्हाड अधिक ऐसपैस झाले असते. सायकलींचा धंदा रामुअण्णांनी सांभाळला असता, आणि लक्ष्मणरावांचे निघणे एक वर्ष, मग दोन वर्षे, मग मुलांच्या शिक्षणापर्यंत लांबणीवर पडले असते. असे झालेच असते असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. पण आपल्या भोवतीच्या शेकडो घरांत असे झालेले आपण पाहिले आहे. याचाच अर्थ असा की, बढती नाकारली गेल्याने लक्ष्मणरावांचा निर्णय एका परीने सोपा झाला. ज्याच्या हाती बढतीचा हुकूम आहे आणि मनात निरोप आहे, त्याची परीक्षा त्यांच्याहूनही कठीण म्हटली पाहिजे. कारण त्याला ढकलणारे कोणी नसते, धरून ठेवणारे मात्र असते.

नोकरी सोडल्यावर सुख दाराशी उभे होते, असेही कोणी समजू नये. बेळगावी सायकलींबरोबर पवनचक्क्या आणवून विकण्याचा उद्योग झाला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, आणि मग लोखंडी नांगर. त्या काळी शेतकऱ्यांची अशी समजूत होती की, लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते. नांगर तयार होऊन पडले, पण गिऱ्हाईक मिळेना. पहिले नांगर खपविण्यात सुमारे दोन वर्षे गेली. महिन्याच्या एक तारखेस पगार मोजून घेणाऱ्या माणसाने दोन वर्षे न विकलेल्या मालाकडे पाहत काढावयाची, यात केवढे मनोधैर्य लागले असेल याचा विचार नोकरदार वाचकांनीच करावा. हळूहळू शेतकऱ्यांचा विश्वास बसला. तोच बेळगाव नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा मागितली. जमलेले बस्तान उठवावे लागले.

या वेळी मदतीस धावले ते औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध गाव सातारा जिल्ह्यातले. पण संस्थानचा मुलूख सलग नसून तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला, आणि कुंडल त्यांपैकीच एका तुकड्यात होते. राजेसाहेब स्वतः चित्रकार व कलेचे भोक्ते. रंग न ओळखता आल्याने चित्रकला सोडावी लागलेला कारागीर आणि चित्रकार राजा यांची अशी गाठ पडावी, हा योग विलक्षणच. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळील बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी मोजक्या सहकाऱ्यांसह त्या माळावर मुक्काम हलविला. निवडुंग तोडणे, साप मारणे, विहिरीच्या पाण्याची सोय करणे येथपासून आरंभ होता. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड व कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा कारखाना बंद पडण्याची वेळ आली होती. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरून पाहिला, आणि छत्रपती शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफांच्या लोखंडातून नांगरांचे ओतकाम झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली निघू लागलेल्या मासिकाने या माळावरील गावाचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी केले. वसाहतीत शिवाशिवीस थारा नव्हता. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांस तेथे काम मिळाले, एवढेच नव्हे तर रात्रीची राखणही त्यांच्याकडे सोपविण्यात आली. जातीच्या नावाने एकत्र येणाऱ्या आपणा सर्वांस या गोष्टीचे स्मरण राहणे हितावह आहे.

नोकरी सोडून जाणाऱ्याकडे मालक या नात्याने कसे पाहावे, हा प्रश्नही लक्ष्मणरावांपुढे आला असणार. कर्मवीर भाऊराव पाटील हे काही काळ किर्लोस्कर नांगरांच्या विक्रीचे काम करीत होते. पुढे ते कूपर यांच्या सातारा रोड येथील कारखान्याच्या कामाशी निगडित झाले, आणि अखेर तेही सोडून १९१९ मध्ये स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेला त्यांनी आयुष्य वाहिले. नांगर घेऊन गावोगाव हिंडताना त्यांना झालेली खेड्यांची ओळख पुढे शाळा काढताना वाया गेली नाही. म्हणजे सातारा-सांगलीच्या भूमीवर नोकरीतून निघून नवे उभारणाऱ्यांचे हे दुसरे ठळक उदाहरण होय. दोघांनीही नोकरीच्या काळात प्रामाणिक काम केले, आणि नोकरीने दिलेली विद्या पुढील कार्यात ओतली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. ज्या माळावर ते उतरले, तो मुलूख त्यापूर्वीच संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला होता. त्याच जिल्ह्याचे नाव १९६० पासून सांगली जिल्हा असे झाले. नावे बदलली, राजे गेले. पण नांगराने उघडलेली जमीन तशीच राहिली.

आता मूळच्या प्रश्नाकडे वळू. हाती बढतीचा हुकूम आणि मनात राजीनामा असलेल्या आपल्या मुलामुलींनी काय करावे? लक्ष्मणरावांच्या चरित्रातून ठोकळेबाज उत्तर निघत नाही. परंतु स्वतःस विचारावयाचे तीन प्रश्न मात्र निघतात. पहिला : आपले जाणे खरोखर ठरले आहे काय, की ते केवळ मनाचे समाधान आहे? बेळगावच्या दुकानासारखे काही उभे असेल तरच ते ठरले म्हणावे. तसे काही नसेल, तर बढती घ्यावी, मन लावून काम करावे आणि फावल्या वेळात आपले दुकान उभारावे. त्यात लबाडी नाही. दुसरा : वरच्या जागेवर असे काही शिकावयास मिळेल काय, जे पुढे उपयोगी पडेल? केवळ पगार वाढणार असेल तर तो वाढीव पगारच पायातील बेडी होण्याचा संभव अधिक.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. चार महिन्यांत निघावयाचे निश्चित असता आपण ती खुर्ची अडविली, तर आपल्या मागे रांगेत कोण उभा आहे? वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत जागा दुसऱ्यास जाते तेव्हा काय वाटते, हे लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये अनुभवले होते. ज्याचा निरोप पक्का ठरला आहे, त्याने वरिष्ठांस वेळीच कल्पना देऊन ती जागा हक्काच्या माणसासाठी मोकळी सोडावी, यातच सचोटी आहे. आणि घरच्या वडील मंडळींनी अशा वेळी हातची बढती घालविली म्हणून मुलास किंवा सुनेस बोल लावू नये. रामुअण्णांसारखा एक थोरला घरात असला, तर धाकट्याचे धाडस पार पडते, हेही या चरित्रात स्पष्ट दिसते.

सातारा-सांगलीच्या प्रवासात किर्लोस्करवाडीचे स्थानक आले की आपल्या मुलांस ही हकीकत अवश्य सांगावी. एका शाळामास्तराची बढती हुकली, आणि त्याने बारा वर्षांपासून जमविलेल्या शिदोरीवर विसंबून नवा मार्ग धरला, एवढीच ती आहे. त्या उद्यमशील पुरुषाच्या स्मृतीस आपल्या मंडळाच्या वतीने आदरपूर्वक अभिवादन असो.