अमेरिकेतल्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव कसं काय?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठावर पोकीप्सी नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत कुटुंबांच्या स्वतःच्या जागा आहेत. एका जागेतले दगड वाचत गेलं की आईबाप, मुलं, सुना असा अख्खा वंशवृक्ष जुळत जातो. पण कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत एक नाव असं आहे, जे या वंशवृक्षात कुठंच बसत नाही.

ते नाव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

आता कल्याणची मुलगी तिथं कशी पोहोचली?

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, वयानं जवळपास २० वर्षांनी मोठे. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि तो हट्ट बऱ्याचदा जाच व्हायचा. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांतच गेला. डॉक्टर व्हायचं हे त्यांनी या दुःखातूनच ठरवलं.

बायकोला अमेरिकेत शिकवता येईल का, असं विचारणारं पत्र गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिलं होतं. त्यांनी ते आपल्या मासिकात छापलं. ख्रिश्चन व्हा, असा सल्लाही वर दिला. जोशी दांपत्यानं धर्म बदलला नाही.

पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला. एकमेकींना न पाहता नातं जुळलं आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

१८८३ मध्ये आनंदीबाई नवऱ्याशिवाय कोलकात्याहून बोटीनं निघाल्या. अमेरिकेत त्यांना हक्काचं घर मिळालं ते या मावशीचं. पुढं फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात प्रवेश झाला. थंडी, अपुरा आहार आणि क्षयरोगानं शरीर पोखरलं. तरी ११ मार्च १८८६ ला त्यांनी एम.डी. पदवी घेतली.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डची जबाबदारी त्यांची वाट बघत होती. पण रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिना बाकी होता.

त्यानंतर त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. त्यांनी त्या स्वतःच्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. रक्ताचं नातं नाही, धर्म वेगळा, देश वेगळा. तरी दगड घरच्या माणसांतच लागला.

एवढंच नाही, तर पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलिन डॉल यांनी आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र लिहिलं. काशीबाई कानिटकरांचं मराठी चरित्र आलं १९१२ मध्ये.

जुन्या नोंदींत आनंदीबाईंना शोधायचं असेल तर एक लक्षात ठेवा. त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जोशीच्या शेवटी दोनदा 'ई' यायचा. आज आपण लिहितो तसं शोधलं तर नोंद निसटू शकते. आणि फक्त जोशी घराण्याची वंशावळ चाळत बसलं, तर पोकीप्सीतल्या त्या दगडापर्यंत कुणी पोहोचणारच नाही. त्यासाठी मावशीचं आडनाव माहीत असावं लागतं.