शाळाही धड पूर्ण न केलेल्या माणसाने मायक्रोवेव्ह शोधला, पण तो ओट्यावर यायला बावीस वर्षं लागली

रोहा-कोलाड रस्त्यावर धाटाव लागतं. एमआयडीसी, केमिकलच्या कंपन्या आणि त्यांच्या वेळापत्रकावर चालणारी घरं. सेकंड शिफ्टवरून माणूस घरी येतो तेव्हा घर झोपलेलं असतं, भात गार झालेला असतो आणि कालवणावर साय धरलेली असते. अशा घरात मायक्रोवेव्ह घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ब्रँडचा किंवा किमतीचा नसतो. ओट्यावर एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला सिंक, मध्ये मिक्सर आणि पाण्याचा पिंप. मग हा डबा ठेवायचा कुठे आणि घ्यायचा केवढा?

गंमत म्हणजे ज्या माणसाने हे यंत्र शोधलं त्याच्यासमोर हा प्रश्नच नव्हता. त्याचं पहिलं मॉडेल सहा फुटी गोदरेज कपाटाएवढं उंच होतं आणि त्याचं वजन होतं जवळपास ३४० किलो.

त्या माणसाचं नाव पर्सी स्पेन्सर.

जन्म १८९४ चा, अमेरिकेच्या मेन राज्यातलं हाऊलँड नावाचं गाव. पर्सी दीड वर्षाचा असताना वडील गेले. आईने त्याला आत्या आणि तिच्या नवऱ्याकडे सोडलं. पर्सी सात वर्षांचा झाला तेव्हा तो आधारही गेला, कारण आत्याचा नवरा वारला. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा दोऱ्याची रिळं बनवणाऱ्या गिरणीत लागला. सूर्य उगवताना कामावर, मावळल्यावर घरी.

सोळाव्या वर्षी त्याला कळलं की जवळच्या कागद गिरणीत वीज येणार आहे. गावात विजेचं काम कुणालाच येत नव्हतं, पर्सीलाही नाही. पण त्याने मिळेल ते वाचून काढलं, अर्ज केला आणि वीज जोडणाऱ्या तिघांत त्याची निवड झाली. १९१२ साली टायटॅनिक बुडालं. त्या रात्री शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिलेल्या वायरलेस ऑपरेटरांची बातमी वाचून तो भारावला आणि नौदलात भरती झाला. रात्रपाळीच्या पहाऱ्यात पुस्तकं उघडून त्याने गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असं एकेक गाठलं. शिफ्ट ड्युटी करत शिकलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

१९२० च्या दशकात तो रेथिऑन या कंपनीत आला. रेडिओच्या नळ्या बनवणारी ही कंपनी तेव्हा लहान होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं तोवर रडारच्या नळ्यांमधला तो जाणता माणूस मानला जाऊ लागला होता.

१९४० साली इंग्रज शास्त्रज्ञ एक गुपित घेऊन अमेरिकेत आले. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या रँडल आणि बूट या दोघांनी मॅग्नेट्रॉन नावाची नळी तयार केली होती. मुठीत मावेल एवढी, पण तिच्यातून निघणाऱ्या लहरींमुळे रडार विमानातही बसवता येणार होतं. अडचण एकच होती. तांब्याचा अख्खा ठोकळा कोरून ती बनवावी लागे, आणि त्यात कसलेल्या कारागिराचे कित्येक दिवस जात. युद्धाला हजारो नळ्या हव्या होत्या.

स्पेन्सरने ठोकळा कोरणं बंद केलं. तांब्याच्या पातळ चकत्या मशिनवर कापायच्या, इडलीपात्रातल्या थाळ्यांसारख्या एकावर एक रचायच्या, मध्ये सोल्डरचे पातळ पत्रे घालायचे आणि सगळं भट्टीतून फिरवून एकजीव करायचं. निष्णात कारागिराशिवायही नळी तयार होऊ लागली. युद्ध संपेपर्यंत रेथिऑनचं उत्पादन दिवसाला २६०० नळ्यांपर्यंत गेल्याचं सांगितलं जातं. अमेरिकन नौदलाने स्पेन्सरला आपला मोठा नागरी सन्मान दिला.

खरं तर त्याचं मोठं काम हेच. पण जगाच्या लक्षात राहिला तो खिशातला खाऊ.

१९४५ साली चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातली गोड वडी वितळली. कुणी ती चॉकलेटची सांगतं, कुणी शेंगदाण्याची. असं वितळणं आधी इतरांच्याही लक्षात आलं होतं, फक्त त्याच्या मागे कुणी लागलं नव्हतं. स्पेन्सरने मक्याचे दाणे आणवले, ते फुटून लाह्या झाल्या. मग अंड्याची पाळी आली. ते इतकं जोरात फुटलं की वाकून बघणाऱ्या सहकाऱ्याच्या तोंडावर बलक उडाला, असा किस्सा आहे.

रोह्याकडे थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि त्यातच अख्खी अंडी. ती सहसा फुटत नाहीत, कारण तिथे आच बाहेरून हळूहळू आत शिरते. मायक्रोवेव्हच्या लहरी कवचातून थेट आत जातात आणि आतल्या पाण्याला तापवतात. वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि अंडं फुटतं. म्हणून आजही मायक्रोवेव्हमध्ये अख्खं अंडं ठेवायचं नाही.

८ ऑक्टोबर १९४५ ला पेटंटचा अर्ज गेला. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे शोधाबद्दल स्पेन्सरला दोन डॉलर मिळाले. दोनच.

१९४७ मध्ये रेडारेंज नावाने पहिलं यंत्र विक्रीला आलं. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. मॅग्नेट्रॉन इतका तापायचा की थंड ठेवायला पाण्याची पाइपलाइन जोडावी लागे. म्हणजे यंत्र कुठे ठेवायचं ते नळ ठरवायचा. मोठी हॉटेलं, जहाजं, रेल्वेची स्वयंपाकघरं यांनाच ते परवडलं. १९५५ मध्ये टॅपन कंपनीने घरगुती मॉडेल काढलं. त्याची किंमत १२९५ डॉलर आणि त्याला २२० व्होल्टची वेगळी जोडणी लागायची. अमेरिकेतल्या घरातला साधा प्लग त्याच्या निम्म्या व्होल्टचा, म्हणजे आता जागा वायरमन ठरवणार.

पुढे जपानमध्ये लहान आणि स्वस्त मॅग्नेट्रॉन तयार झाले. रेथिऑनने अमाना ही फ्रिज बनवणारी कंपनी विकत घेतली आणि १९६७ मध्ये ४९५ डॉलरचा मायक्रोवेव्ह बाजारात आला. तो साध्या प्लगवर चालायचा, पंख्याच्या हवेने थंड व्हायचा आणि ओट्यावर मावायचा. कुठे ठेवू हा प्रश्न घरच्या माणसाच्या हातात आला तो त्या वर्षी. स्पेन्सर तेव्हा ७३ वर्षांचा होता.

पाइपलाइन गेली तरी मॅग्नेट्रॉनची उष्णता गेली नाही. ती आता जाळीतून हवेवाटे बाहेर पडते, आणि ओट्यावरच्या जागेचं निम्मं गणित इथेच आहे. साधारणपणे मागे १० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना ५ ते ८ आणि वर २० ते ३० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेत असतो आणि तोच पाळायचा. ओव्हनवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर डब्यांची उतरंड ही आपल्याकडची हौस यंत्राला गुदमरवते. कोकणातल्या पावसात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवणंही वाईटच.

आता आकार. दुकानात लिटर सांगतात, ते आतल्या पोकळीचे. ओट्यावर जागा खातं ते बाहेरचं माप. आपला ओटा बहुतेक घरांत दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर खोल असतो. २० लिटरचा साधा ओव्हन ३५ सेंटिमीटरच्या आसपास खोल असतो, मागची जागा सोडूनही समोर थोडी जागा उरते. २८ लिटरचा कन्व्हेक्शन ५० च्या आसपास जातो, म्हणजे ओटा संपला. दोघा-तिघांच्या घरात भात, कालवण आणि दूध गरम करायचं असेल तर २० लिटर पुरतो. चार-पाच माणसं असतील किंवा केक भाजायचा असेल तर २५ ते २८ बघावा. सेलमध्ये स्वस्त मिळतो म्हणून ३२ लिटरचा आणून त्यात रोज एक कप चहा गरम करणारी घरं कमी नाहीत.

आतली ताटली का फिरते, याचं उत्तरही त्या लहरींतच आहे. घरगुती ओव्हनमधली लहर साधारण १२ सेंटिमीटर लांब असते. भिंतींवर आपटून ती आत ठरावीक जागी जास्त आणि ठरावीक जागी कमी तापवते. ताटली फिरली की अन्न या सगळ्या जागांतून जातं. चौकोनी डबा कोपऱ्यात अडकला की फिरणं थांबतं आणि अर्धा भात गार राहतो. म्हणून दुकानात जाताना घरातलं रोजचं काचेचं किंवा मायक्रोवेव्हला चालणारं सगळ्यात मोठं भांडं मोजून जावं आणि ते फिरत्या ताटलीवर बसतं का ते बघावं. स्टीलचा टिफिन आत चालणार नाही, हे शिफ्टवाल्या घरात आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं.

दार बहुतेक मॉडेलचं डावीकडे उघडतं. डाव्या हाताला लगेच भिंत आली तर ते पूर्ण उघडत नाही आणि गरम वाडगा तिरका काढावा लागतो. उंचीची चूक जास्त महागात पडते. डोक्यावरच्या फळीवरून उकळतं कालवण काढणं म्हणजे अंगावर सांडण्याचीच तयारी. उंची छातीच्या खाली असावी. गॅसच्या वर किंवा अगदी शेजारी नको, कारण तेलकट वाफ जाळीत बसते. सिंकला चिकटून तर नकोच.

प्लगचा हिशोब सोपा आहे. ८०० वॅटचा ओव्हन विजेच्या लाइनवरून १२००-१३०० वॅट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या जवळ. छोटा प्लग पॉइंट तिथेच संपतो, आणि कन्व्हेक्शन तर याहून बरंच जास्त ओढतो. त्यामुळे १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट हवा. मिक्सरबरोबर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

स्पेन्सर ८ सप्टेंबर १९७० ला गेला. नावावर शंभराहून जास्त पेटंट होती, पदवी एकही मिळवलेली नव्हती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने दिलेली मानद डॉक्टरेट तेवढी होती. १९७५ मध्ये अमेरिकेत गॅसच्या शेगड्यांपेक्षा मायक्रोवेव्ह जास्त विकले गेले, ते बघायला तो नव्हता.

खरेदीआधी एक काम दहा मिनिटांत होतं. पसंत केलेल्या मॉडेलचं बाहेरचं माप घ्यायचं, त्यात मोकळी जागा मिळवायची, तेवढा जुना पेपर कापून ओट्यावर पसरायचा आणि एक दिवस तसाच ठेवून नेहमीसारखा स्वयंपाक करायचा. पोळपाट कुठे सरकतो ते लगेच दिसतं.