बिनविस्तवाच्या चुलीचा जनक : पर्सी स्पेन्सर

थोर संशोधकाचें चरित्र म्हटलें म्हणजे मोठें विद्यापीठ, विद्वान् गुरु आणि सुसज्ज प्रयोगशाळा हीं प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज ज्या गृहस्थांचा परिचय आम्ही आमच्या वाचकांस करून देणार आहों, त्यांच्या वांट्यास बालपणीं यांतील एकहि गोष्ट आली नव्हती. त्यांची शाळा बाराव्या वर्षींच सुटली. तरीहि ज्या यंत्रांत विस्तव न पेटवितां अन्न शिजतें, त्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे जनक म्हणून जग त्यांना ओळखतें. त्यांचें नांव पर्सी लेबॅरन स्पेन्सर.

हें यंत्र एके काळीं केवळ मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत असे; आतां तें साध्या गृहस्थांच्या स्वयंपाकघरांतहि दिसूं लागलें आहे. तें बिघडलें म्हणजे त्याच्या पोटांत हात घालणारा बहुधा शाळा संपवून धंदा शिकूं लागलेला एखादा होतकरू तरुणच असतो. दुधनीहून सोलापूरकडे वा पुण्याकडे कामधंद्यासाठीं जाणाऱ्या आपल्या मुलांपैकीं कोणाच्याहि हातीं उद्यां हें काम येऊं शकेल. म्हणून हें चरित्र दोन हेतूंनीं वाचावें. विद्येची भूक कशी असते तें कळावें, हा एक हेतु. आणि त्या यंत्रांत काय दडलें आहे तें जाणून आपल्या मुलांचे हात व प्राण सुरक्षित राहावेत, हा दुसरा.

पर्सीचा जन्म अमेरिकेंतील मेन राज्यांत, हौलंड नांवाच्या लहानशा गांवीं 1894 सालच्या जुलै महिन्यांत झाला. तो अवघा दीड वर्षाचा असतां त्याचे वडील वारले, आणि पुढें लवकरच आईहि त्याला सोडून गेली. जवळच्या नात्यांतील एका दांपत्यानें त्याला पोटच्या पोराप्रमाणें वाढविलें. परंतु पर्सी सात वर्षांचा असतां त्या घरचा कर्ता पुरुषहि मृत्यु पावला. घरांत कमावणारें कोणी उरलें नाहीं. तेव्हां बाराव्या वर्षीं पुस्तकें मिटून तो लांकडी रिळें बनविणाऱ्या गिरणींत कामास जाऊं लागला. सोलापूरच्या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा दिवस उगवत असे, त्या आमच्या वाचकांस असल्या जीवनाची कल्पना सहज येईल. मुलानें शाळा सोडून कारखान्यांत जावें, हें कांहीं अनुकरणीय नव्हे. तें त्याच्यावर दैवानें लादलेलें होतें. अनुकरणीय आहे तें त्यानें पुढें केलेलें.

सोळाव्या वर्षीं त्याच्या कानीं असें आलें कीं, जवळच्या एका कागदाच्या कारखान्यांत वीज येणार आहे. त्या काळीं त्या आडभागांत विजेची माहिती असणारे लोक फार थोडे होते. पर्सीलाहि ती नव्हती. परंतु माहिती नाहीं म्हणून स्वस्थ बसणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. मिळेल तें वाचून व दिसेल तें न्याहाळून त्यानें विजेचें काम आत्मसात् केलें, आणि तो कारखाना विजेवर आणण्यासाठीं निवडलेल्या तिघां जणांत त्याला जागा मिळाली.

1912 सालीं टायटॅनिक जहाज बुडालें. त्या रात्रीं बिनतारी यंत्र चालविणाऱ्यांनीं शेवटपर्यंत बजावलेल्या कामगिरीची हकीकत ऐकून अठरा वर्षांचा पर्सी भारावून गेला व बिनतारी विद्या शिकण्याच्या ओढीनें अमेरिकेच्या आरमारांत दाखल झाला. रात्रींच्या पहाऱ्यावर उभा असतां तो पुस्तकें जवळ बाळगी, आणि अशा रीतीनें त्रिकोणमिति, कलनगणित, रसायन, पदार्थविज्ञान व धातुविद्या हे विषय तो स्वतःच शिकला. ज्या मुलांस सायंकाळीं दिव्याखालीं तासभर बसण्याचाहि कंटाळा येतो, त्यांनीं या पहारेकऱ्याचें क्षणभर स्मरण करावें. शाळा सुटली म्हणून विद्या सुटली नाहीं, हेंच या चरित्राचें मर्म होय.

1920 नंतरच्या दशकांत स्पेन्सर मॅसॅच्युसेट्स राज्यांतील रेथिऑन कंपनींत दाखल झाले. ही कंपनी 1922 सालीं निराळ्या नांवानें निघाली होती व 1925 पासून ती रेथिऑन या नांवानें ओळखली जाऊं लागली. तेथें निर्वात नळ्यांच्या कामांत त्यांनीं असा लौकिक मिळविला कीं, पदवीधर अभियंतेहि त्यांचा सल्ला घेऊं लागले. इतक्यांत दुसरें महायुद्ध पेटलें. 1940 सालच्या आरंभीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठांत रॅंडल व बूट या दोघां शास्त्रज्ञांनीं पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन सिद्ध केला होता, आणि त्याच वर्षीं इंग्रजांनीं तो आपल्या अमेरिकन मित्रांच्या हवालीं केला. तांब्याच्या ठोकळ्यांत वर्तुळाकार पोकळ्या, मध्यभागीं तापलेली तार, आणि वरखालीं चुंबक, असें त्याचें स्वरूप असतें. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली असतां जशी शीळ निघते, तशा त्या पोकळ्यांवरून फिरणाऱ्या विद्युत्कणांच्या योगें अतिशय जोरदार लहरी निर्माण होतात. या लहरींवरच रडारची दृष्टि अवलंबून होती.

अडचण एवढीच होती कीं, अखंड तांब्याच्या ठोकळ्यांतून तो कोरून काढणें अत्यंत नाजूक व वेळखाऊ काम होतें. दिवसाकाठीं सतराच्या वर नग निघत नसत. स्पेन्सर यांनीं निराळी युक्ति काढली. तांब्याच्या पातळ पत्र्यांतून ठशानें आकार छापून काढावयाचे, रुपयांची चळत रचावी तसे ते एकावर एक रचावयाचे, मध्यें डाक ठेवून भट्टींत एकजीव करावयाचे. या व अशाच इतर सुधारणांमुळें दैनिक उत्पादन 2,600 पर्यंत चढलें. या कामगिरीबद्दल अमेरिकन आरमारानें त्यांचा विशेष गौरव केला.

ज्या घटनेनें त्यांचें नांव घरोघर गेलें, ती 1945 सालची. एके दिवशीं चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असतां खिशांतील मिठाईची वडी वितळून गेल्याचें त्यांच्या ध्यानीं आलें. या यंत्रांजवळ ऊब लागते, हें इतरांनाहि ठाऊक होतें. परंतु असें कां होतें, हा प्रश्न स्पेन्सर यांनीं सोडला नाहीं. त्यांनीं मक्याचे दाणे आणवून यंत्रासमोर धरले, तों त्यांच्या लाह्या फुटल्या. पुढें अंडें ठेवून पाहिलें, तें आंतील वाफेनें फुटून शेजारच्या गृहस्थाच्या तोंडावर उडालें. आजहि कवचासकट अंडें या ओव्हनमध्यें ठेवूं नये, असें सांगतात त्याचें कारण हेंच.

येथें आपल्या देशाचेंहि स्मरण केलें पाहिजे. अशा आंखूड विद्युल्लहरींचे प्रयोग आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं 1895 सालीं कलकत्त्यास करून दाखविले होते. दूर ठेवलेली घंटा त्यांनीं तारेवांचून वाजविली होती. ज्ञानाची गंगा कोठें उगम पावते आणि कोणाच्या स्वयंपाकघरांत जाऊन पोहोंचते, हें पाहिलें म्हणजे मन थक्क होतें.

स्पेन्सर यांनीं 8 ऑक्टोबर 1945 रोजीं पेटंटासाठीं अर्ज केला व 24 जानेवारी 1950 रोजीं तें मंजूर झालें. 1947 सालीं विक्रीस आलेला पहिला ओव्हन जवळजवळ पुरुषभर उंचीचा व सुमारें 340 किलो वजनाचा होता, आणि त्याला थंड ठेवण्यासाठीं पाण्याचा नळ जोडावा लागे. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन लोकप्रिय होण्यास 1967 साल उजाडावें लागलें. कंपनीच्या शिरस्त्याप्रमाणें या शोधाबद्दल स्पेन्सर यांना दोन डॉलरांचें बक्षीस मिळालें! परंतु त्यांची योग्यता झांकून राहिली नाहीं. शंभराहून अधिक पेटंटें त्यांच्या नांवावर झालीं, ते कंपनीचे ज्येष्ठ उपाध्यक्ष झाले, आणि बारा वर्षांच्या वयांत शाळा सोडलेल्या या पुरुषास मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानें सन्मान्य डॉक्टर ही पदवी अर्पण केली.

आतां त्यांच्या चुलीच्या अंतरंगांत डोकावूं. मॅग्नेट्रॉनमधून निघणाऱ्या लहरी सुमारें 12 सेंटिमीटर लांबीच्या असतात. अन्नांतील पाण्याचे कण त्यांच्यामुळें सेकंदाला कोट्यवधि वेळां उलटसुलट होऊं पाहतात, आणि त्या घुसळणींतून उष्णता उत्पन्न होते. धातूच्या भिंती या लहरी परतवितात. दाराच्या कांचेंतील जाळीचीं छिद्रें लहरींच्या मानानें फारच बारीक असल्यामुळें प्रकाश बाहेर येतो, लहरी येत नाहींत. दार वांकडें झालें, जाळी फाटली किंवा बिजागरी सैल झाली, तर हें कवच भेदलें जातें. डोळ्यांतील भिंगास रक्ताचा पुरवठा नसल्यामुळें त्यांत शिरलेली उष्णता लवकर वाहून जात नाहीं, व मोतीबिंदूचें भय असतें. असा ओव्हन एक मिनिटहि चालवूं नये.

दार उघडतांच लहरी थांबाव्यात म्हणून दाराच्या खटक्यापाशीं बहुधा तीन लहान स्विच असतात. दोन स्विच वीज तोडतात. तिसरा त्यांच्यावर पहारा करतो, आणि ते चुकले तर मुद्दाम फ्यूज जाळून यंत्र बंद पाडतो. म्हणून फ्यूज गेला असतां जाड तार घालून काम भागविणें, किंवा खटक्याचे स्विच जोडून टाकून दार उघडें असतां ओव्हन चालविणें, म्हणजे पहारेकऱ्यास ठार मारून दार सताड उघडें ठेवण्यासारखें आहे. फ्यूज कां गेला, याचा तपास आधीं करावा, व सदोष स्विच बदलावेत.

याहूनहि मोठा धोका डोळ्यांस न दिसणारा आहे. आपल्या घरांत 230 व्होल्ट वीज येते. ओव्हनच्या आंत ती वाढून सुमारें 4,000 व्होल्ट होते. ही वीज सांठविणारा कॅपॅसिटर यंत्र बंद केल्यावर, प्लग काढल्यावरहि भरलेला राहूं शकतो. कांहीं कॅपॅसिटरांत ती वीज हळूहळू निचरून टाकणारा रोधक असतो. परंतु तो तुटलेला असूं शकतो, म्हणून त्याच्यावर विसंबून राहूं नये. या एका अज्ञानापायीं माणसें प्राणास मुकतात. म्हणून गृहस्थानें व गृहिणीनें बाहेरचें कवच कधींहि उघडूं नये. तें काम शिकलेल्या कारागिराचेंच आहे.

अलीकडे भिंतींतील कपाटांत बसविलेले, मायक्रोवेव्हबरोबर गरम वारा व तप्त दिवे यांचा उपयोग करून झटपट अन्न शिजविणारे ओव्हन निघाले आहेत. त्यांची दुरुस्ती अधिक जोखमीची. त्यांची वीजजोडणी कधीं कधीं थेट भिंतींतून असते. तेव्हां मुख्य पेटींतील स्विच पाडून त्यावर सूचना लावावी, म्हणजे दुसरा कोणी तो अजाणतां चढविणार नाहीं. यंत्र पुरतें निवूं द्यावें. तें जड असल्यामुळें दोघांनीं मिळून बाहेर काढावें. अंगठ्या व घड्याळ काढून ठेवावें. कॅपॅसिटर योग्य रोधकाच्या साह्यानें रिता करावा व तो रिता झाल्याची खात्री मापकानें करून मगच हात लावावा. यंत्र चालू असतां मॅग्नेट्रॉनजवळील वीज मोजण्याचें धाडस करूं नये. मॅग्नेट्रॉनचा चिनी मातीसारखा भाग फोडूं वा घासूं नये. कांहींत बेरिलियमचें भस्म असतें, व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. परत बसवितांना भूतार जोडावी व हवेच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. शेवटीं कवच लावून, आंत पाण्याचा पेला ठेवून यंत्र चालवावें आणि दाराभोंवतीं गळती मोजावी. 5 सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅट, ही अमेरिकेच्या नियमाची परमावधि होय. तिच्याहून अधिक गळणारें यंत्र मालकाच्या हातीं देऊं नये.

घरच्या मंडळींच्या हातीं राहतें तें थोडें. पण तें महत्त्वाचें. ओव्हन रिकामा चालवूं नये, कारण परतणाऱ्या लहरी मॅग्नेट्रॉनलाच तापवितात. आंतील अभ्रकाच्या पत्र्यावर तेलाचे शिंतोडे सांचले कीं ठिणग्या उडतात. म्हणून प्लग काढून तो ओलसर फडक्यानें हलकेच पुसावा, आणि जळाला असल्यास बदलून घ्यावा. दाराच्या कडा स्वच्छ ठेवाव्यात.

1970 सालच्या सप्टेंबर महिन्यांत पर्सी स्पेन्सर यांनीं इहलोक सोडला. 1999 सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मालिकेंत त्यांचें नांव नोंदलें गेलें. त्यांच्या चरित्रांत कुतूहल आहे, तसाच अभ्यासहि आहे. आणि अभ्यासावांचूनचें कुतूहल हातीं पाना घेऊन यंत्र उघडूं लागलें, तर तें घात करतें. वितळलेल्या वडीकडे पाहून त्यांना जो प्रश्न सुचला, त्याच्यामागें पहाऱ्यावरच्या कित्येक रात्रींचें वाचन उभें होतें. दुधनीच्या मुलांनीं यंत्रें खुशाल उघडावींत, हात काळे करावेत, त्यांत कमीपणा मुळींच नाहीं; मात्र त्यापूर्वीं जाणत्यापाशीं बसून तें काम नीट शिकून घ्यावें. पालकांनींहि कारागिरी शिकूं पाहणाऱ्या मुलास हिणवूं नये, आणि अर्धवट शिकलेल्यास जोखमीच्या कामावर धाडूं नये, एवढीच आमची त्यांना विनंति आहे.